बघून सांगते

४ जानेवारी

चि. धाकटीस, अ. आ.

तुझी तक्रार पोचली. मी फोन निम्म्यात ठेवते आणि उरलेलं वाक्य तू मनानंच पूर्ण करून आईला सांगतेस, हे काही खरं नाही. गेल्या खेपेस मी पाय दुखतात म्हटलं होतं, आईपर्यंत पाय मोडला म्हणून पोचलं. तेव्हा आता कागदावरच लिहिते. तू तिला वाचून दाखव, आणि पदरचं काही घालू नकोस.

बातमी अशी, की रेसिडेंट डॉक्टरांना उत्तम शिकवणाऱ्या विभागाला दरवर्षी जो सन्मान मिळतो, त्यासाठी यंदा पुन्हा आमच्या विभागाचं, म्हणजे प्रमुख म्हणून माझं, नाव गेलंय. दोनदा हुकलंय, तिसऱ्यांदा बघू. बाहेरची समिती येणार आणि एक सकाळ आमच्याबरोबर राऊंडला हिंडणार. माझी मुलं आत्तापासून कोट इस्त्रीला टाकायला लागली आहेत. मुलं म्हणजे डॉक्टरच गं, पण अजून तज्ज्ञ व्हायची आहेत. तीन वर्षं आमच्याकडे राबतात, वॉर्डातच जेवतात, भिंतीला टेकून डुलक्या काढतात आणि पेशंट बघत बघत शिकतात.

आमच्या वॉर्डाचा कायदा मी तुला मागे सांगितला होता. राऊंडला ज्याला उत्तर येत नाही, त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, मला माहीत नाही, बघून सांगतो. त्याला कुणी हसायचं नाही. पण मग खरंच बघून यायचं. अंदाज ठोकला तर मात्र माझ्याशी गाठ.

हा कायदा सगळ्यात जास्त पाळते ती दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिला सगळे गोगलगाय म्हणतात. प्रत्येक पेशंटपाशी इतका वेळ लावते की मागची रांग खोळंबते. डीनसाहेबांच्या मते ती या कामाची नाही, वर्ष संपलं की तिला नारळ द्यायचा त्यांचा विचार पक्का आहे. मला ते मान्य नाही. हा भाग आईला वाचून दाखवू नकोस, नाहीतर ती त्या मुलीसाठी डबा पाठव म्हणून माझ्या मागे लागेल.

माया आहेच, ती तशीच राहू दे. चौकशा तेवढ्या कमी कर.

तुझी ताई

१२ जानेवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

पदरचं काहीही न घालता वाचलं. तरी आईनं संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यावर सांगून टाकलं की तुला सन्मान मिळाला. मिळणार आहे, असं मी दोनदा दुरुस्त केलं. ती म्हणाली, तेच ते. काचेच्या कपाटातला वरचा कप्पा तिनं रिकामा केलाय. माझ्या चांगल्या कपबशा आता भांड्यांच्या फळीवर धूळ खात पडल्या आहेत. मीही समारंभासाठी नव्या चपला घेतल्या. चावतात, पण दिसतात झकास.

आता त्या मुलीबद्दल. तू रागावशील, पण मी शाळेत गणित शिकवते, मला हिशेबानं बोलायची सवय आहे. तुझं नाव दोनदा डावललं गेलं तेव्हा फोनवर तुझा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलंय. आईनं ऐकलं नाही, मी ऐकलंय. या खेपेस एका परक्या पोरीपायी डीनशी वाकड्यात शिरू नकोस. ती दुसरीकडे कुठेतरी शिकेल. जग काही तुझ्या वॉर्डात संपत नाही. एकदाचं तुझं तू पदरात पाडून घे.

आईचा गुडघा बरा आहे. जेवणाच्या वेळा पाळतेस का, असं ती विचारते. खोटं उत्तर दिलंस तरी चालेल, तेवढ्यानं तिला झोप लागते.

रागावलीस तरी पत्र लिही, एवढाच लोभ मागते मी.

तुझी धाकटी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ.

रागावले नाही. तुझा हिशेब बरोबर आहे, म्हणून तर उत्तर द्यायला इतके दिवस लागले.

डीनसाहेबांनी मला बोलावून चहा पाजला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागणार. गोगलगाय समितीच्या दिवशी ओपीडीत असावी, राऊंडला नको, असं ते म्हणाले. खाटेपाशी पेशंटची माहिती मांडायला आमचा तिसऱ्या वर्षात जाणारा तो हुशार मुलगा असू दे, ज्याला सगळे तोफ म्हणतात. आणि मुलीला काढायच्या कागदावर मी आधीच सही करून टाकली तर समितीला विभाग कसा शिस्तीचा वाटेल. सगळं इतक्या गोडीत, की मी बिस्किटही खाल्लं.

तुला खरं सांगते, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मला तो सन्मान हवा आहे. वीस वर्षं मी या पोरांच्या मागे उभी राहून घसा कोरडा केला. कुणीतरी एकदा म्हणावं ना, की बाई, चांगलं केलंस. आईचा तो कप्पा माझ्याही डोळ्यांसमोर आहे.

पण राऊंड म्हणजे राऊंड. पाहुणे आले म्हणून घरातलं एक माणूस मागच्या खोलीत कोंडायचं, हे मला जमणार नाही. मी त्यांना सांगितलं, तोफ मांडू दे हवं तर, पण सगळी मुलं हजर राहतील. सहीचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधीच नाही, हे मनातल्या मनात म्हटलं.

जेवणाच्या वेळा पाळते असं आईला सांग.

नव्या चपलांना तेल लाव, आणि माझ्यावर जीव लाव.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली असेल. तू फोन उचलत नाहीस. आई दारावरची घंटा वाजली की उठते, आणि गुडघा धरून परत बसते. काय ते एका ओळीत तरी कळव. चांगलं असेल तर मोठ्या अक्षरात लिही, वाईट असेल तर बारीक.

वाट पाहणारी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ.

हे आधी एकटीनं वाच, मग आईला काय सांगायचं ते ठरव.

राऊंड सुरुवातीला छान चालली होती. तोफेनं पहिले तीन पेशंट असे काही मांडले की डीनसाहेबांचा चेहरा फुलला. समितीच्या प्रमुख एक बाई आहेत, माझ्याहून बऱ्याच थोर, कानात ऐकायचं यंत्र, पण नजर अशी की आपल्या कोटाचं तुटलेलं बटण आपल्याआधी त्यांना दिसावं. चौथ्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचा ताप काही केल्या उतरत नव्हता. आदल्याच दिवशी मी त्या खाटेपाशी उभी राहून सगळ्या मुलांना म्हटलं होतं, या तापाचं कारण मला माहीत नाही, आपण शोधतोय.

बाईंनी नेमकं तेच मला विचारलं. यांचा ताप का उतरत नाही?

धाकटे, मी थाप मारली. छातीतलं इन्फेक्शन चिवट आहे, औषधाला अजून थोडा वेळ द्यावा लागेल, असं मी इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की क्षणभर मलाच पटलं. डीनसाहेब मान डोलवत होते. पहिल्या वर्षाच्या दोघी तर ते लिहून घ्यायला लागल्या.

तेवढ्यात मागून गोगलगाय काहीतरी पुटपुटली. बाईंनी यंत्र चाचपत विचारलं, कोण बोललं. डीनसाहेब म्हणाले, काही नाही, आपण पुढे जाऊ. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि मला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोल, म्हणाल्या. ती पांढरीफटक पडली होती. फाईल छातीशी घट्ट धरलेली. तिला ठाऊक होतं, की आपलं इथलं राहणं आधीच टांगणीला लागलंय. बाईंकडे न बघता माझ्याकडे बघून ती म्हणाली,

"मॅडम, काल तुम्हीच म्हणालात, की हे आपल्याला अजून माहीत नाही."

मला आधी तिचा संतापच आला. आईचा कप्पा, तुझ्या चपला, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मग त्या लिहून घेणाऱ्या दोघींकडे लक्ष गेलं. त्या पेन उचलून थांबल्या होत्या. कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं खोडायचं, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी म्हटलं, "ती बरोबर बोलतेय. मला माहीत नाही. बघून सांगते."

पुढची राऊंड कशी झाली ते विचारू नकोस. डीनसाहेब उरलेल्या खाटांपाशी तोफेशीच बोलत होते. जाताना बाईंनी त्या मुलीला तिचं खरं नाव विचारलं, एवढंच मी पाहिलं.

आईला तुला हवं तसं सांग. या वेळी पदरचं घातलंस तरी चालेल.

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

मी हुशारी करायला गेले आणि तोंडघशी पडले. मधला सगळा भाग गाळून वाचला. आईनं चष्मा पुसत विचारलं, ताई तिसऱ्या खाटेवरून एकदम घरी कशी गेली? मग वाचावंच लागलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, थाप मारली तेसुद्धा.

तिनं चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, रडेल. मग तिनं एकच विचारलं, "त्या पोस्टमनचं काय झालं?"

ताई, मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तुझं पत्र वाचताना मी तुझं नाव, तुझा मान, माझ्या चपला, सगळं मोजलं; तो माणूस माझ्या हिशेबात कुठे नव्हताच. जानेवारीच्या पत्रात त्या मुलीबद्दल जे लिहिलं ते मी परत घेते. तिला जाऊ देऊ नकोस. डीनसाहेबांनी दहा कप चहा पाजला तरी सही करू नकोस. आणि पोस्टमनचं लगेच कळव, आई जेवताना रोज विचारते.

तुझ्यावर चिडायची सवय आहे, अभिमान वाटायची नाही. तरी वाटतोय, सांभाळून घे.

तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

आईला आधी हे सांग, की पोस्टमन घरी गेले. त्याच दुपारी आम्ही सगळे पुन्हा त्या खाटेपाशी जमलो आणि पहिल्यापासून तपासायला लागलो. छातीचा काही संबंध नव्हता. यकृताच्या खाली पू साठला होता. सर्जननी तो काढला आणि ताप उतरला. माझ्या थापेवर विसंबून आणखी आठवडाभर वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, ते मी आईला सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस.

सन्मान हाडांच्या विभागाला गेला. तिथले प्रमुख खरंच चांगलं शिकवतात. मी जाऊन अभिनंदन केलं, आणि मग माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. वाईट वाटलं. वाटणारच.

दुसऱ्या दिवशी डीनसाहेबांनी तो कागद पुढे सरकवला. चार पाहुण्यांसमोर प्रमुखांना खाली बघायला लावणारी मुलगी त्यांना विभागात नको होती. मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, सही माझी लागते आणि ती मी करणार नाही. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी तुमचं नाव पाठवणं अवघड होईल. म्हटलं, नका पाठवू. आणि आता आलेच आहे तर हेही सांगते, पुढच्या वर्षी चीफ रेसिडेंट ती होईल. सगळ्या मुलांचा पुढारी कोण, हे विभागप्रमुख ठरवतो, डीन नाही. यावर ते जे म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी सहा महिने बघू, यावर येऊन थांबले. मी म्हटलं, बघा.

तोफ माझ्याकडे आला. बिचारा दुखावला होता. म्हणाला, मॅडम, मी कुठे कमी पडलो? मी त्याला विचारलं, आदल्या दिवशी मी काय म्हणाले होते ते तुला राऊंडला आठवत होतं का? तो खाली बघत म्हणाला, हो. धाकटे, आठवत सगळ्यांना होतं. बोलली ती एकटी. तेवढंच मी त्याला सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, त्याला ते कळलं.

तुमच्या दोघींच्या मायेवर माझं चाललंय, ती आटू देऊ नका.

तुझी ताई

२४ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

कळवण्यास आनंद, की माझ्या कपबशा अजूनही वरच्या कप्प्यात गेलेल्या नाहीत. मी हळूच ठेवायला गेले तर आईनं हटकलं. तो ताईचा कप्पा आहे, म्हणाली. रिकामा दिसतो, असं मी म्हटलं. असू दे, मी रोज पुसते, असं उत्तर आलं. आता तूच सांग, हिच्याशी कोण हुज्जत घालणार?

चपला मी शाळेत घालायला काढल्या. आता चावत नाहीत.

ये एकदा, जेवणाच्या वेळा पाळणारी बहीण बघायची आहे.

तुझी धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस, अ. आ.

सहा महिने झाले. डीनसाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

आज सकाळी मला यायला जरा उशीर झाला. वॉर्डात शिरले तर राऊंड सुरू झालेली. पूर्वी माझ्यासाठी सगळे ताटकळत थांबायचे. गोगलगाय पुढे, तिच्याभोवती नवी मुलं, आणि पहिल्या वर्षाचा एकजण अगदी न लाजता सांगत होता की मला माहीत नाही. मी गुपचूप मागे जाऊन उभी राहिले. कुणी बाजूला सरलं नाही.

सहाव्या खाटेवरच्या आजींना मी कालच दाखल करून घेतलंय. त्यांच्या पायावरची सूज कशामुळे, असं तिनं विचारलं. कुणालाच सांगता येईना. मग तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि तोच प्रश्न मला केला. तसाच, सगळ्यांना विचारते त्याच आवाजात. नवी मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ती बरं म्हणाली, फाईल माझ्या हातात दिली आणि मुलांना घेऊन सातव्या खाटेकडे वळली. आईला हे पुन्हा पुन्हा वाचून दाखव, आणि तिला म्हणावं, आता त्या कप्प्यात कपबशा ठेव.

पत्र इथेच आवरते. आजी वाट बघताहेत, मला बघून सांगायचं आहे.

तुझी ताई