देव गावात नसताना उचललेला भंडारा

अणदूर,
ज्येष्ठ, सोमवार

तीर्थरूप गुंडप्पामामांस,

भाची जगदेवीचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थ. मामींच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का, म्हैस व्यायली का, तिकडं भूमला विहिरींना पाणी आहे का, ते सगळं कळवावं. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनाही नमस्कार. (मास्तर, कंसातला मजकूर माझ्या मनातला आहे, तो मोठ्यानं वाचू नये.)

पत्रास कारण वीरप्पा. मी इथल्या महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. आपल्या घरात सही करणारी मी पहिलीच, त्यामुळं जिथं सही लागते तिथं सगळे मला पुढं ढकलतात. हिवाळ्यात मंडळानं शिवणाची दोन मशिनं घ्यायचं ठरवलं आणि नळदुर्गच्या वीरप्पाला निम्मा बयाणा दिला. हा वीरप्पा कुणालाही काहीही पुरवतो, लग्नाला मांडव, शेताला बी, शाळेला घंटा. मी म्हणाले, स्टँपचा कागद करू. आमच्या अध्यक्षा नागूबाई (अंगठा उठवतात, पण मत खणखणीत) म्हणाल्या, "कागदाला कोण भितंय? खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेऊ दे." वीरप्पानं दोन्ही केलं आणि अगदी हौसेनं केलं. आता ज्येष्ठ लागला. मशीन राहू द्या, सुईसुद्धा आलेली नाही.

याचं मला एवढं दुःख झालं नसतं, पण अप्पा रोज जेवताना म्हणतात, "चार बुकं शिकून ही फसली, मग उमीला तुळजापूरच्या शाळंत कशाला घालायचं? न शिकता बी फसता येतंय." उमी बिचारी ताटावरून उठून जाते. नाव घालायला थोडेच दिवस उरलेत. म्हणजे वीरप्पाकडून वसुली झाली नाही, तर माझ्या धाकट्या बहिणीची शाळा बुडाली. म्हणून मी ठरवलं, दावा लावायचा.

तुळजापूरच्या वकीलसाहेबांनी कागद वाचला, वाहवा केली (अक्षराची) आणि विचारलं, "दावा तुम्ही जिंकाल. पण त्याच्याकडं जप्त करण्यासारखं काय आहे?" स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण यांना कायदा हात लावू देत नाही म्हणे. आधी जाऊन बघून या, मग कोर्ट-फीचं बोलू. मला हे फार पटलं. परक्याच्या घरातल्या वस्तू मोजायच्या म्हणून रात्रभर झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी नागूबाईंना घेऊन एस.टी.नं नळदुर्ग गाठलं. वीरप्पा ओट्यावरच होता. आम्हाला वाटलं पळेल. तर त्यानं घोंगडं अंथरलं. कशाला आलो ते मी प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा त्याला आमची दया आली असावी. तो स्वतःच घर दाखवायला उठला. "बाई, म्हैस लिहू नका, ती जावयाची हाय. खाट धर्मशाळंची. घड्याळ सासऱ्याचं, आन् ते बंद हाय. हां, हा कंदील माझा. पर काच शेजाऱ्याची, तेवढं खाली लिहा, न्हायतर तुमची यादी चुकंल." घर कुणाचं म्हणाल तर भाड्याचं, आणि मालक भाड्यासाठी आतल्या खोलीत येऊन बसलेला.

ओट्याच्या कोपऱ्यात बाबूराव नावाचे एक रॉकेलचे व्यापारी बसले होते. हातातल्या घडी केलेल्या कागदानं वारा घेत होते. मी विचारलं, तुमचंही येणं आहे का? "व्हय. हा कोर्टाचा हुकूमनामा. मी दावा जिंकलोय," असं म्हणून त्यांनी मलाही जरा वारा घातला. "लावा तुम्ही बी. जिंकाल."

मग नागूबाई उसळल्या. "अरे मेल्या, खंडोबापुढं भंडारा उचललास की न्हाय?"

"उचलला की," वीरप्पा म्हणाला. "पर मावशी, पौषात देव कुठं असतो?"

मामा, तुम्हाला ठाऊकच आहे, आपला खंडोबा थंडीत नळदुर्गाला मुक्कामाला असतो. दोन्ही गावची मंडळी रीतसर कागद करून त्याला नेतात-आणतात. आम्ही त्याला शपथ घ्यायला लावली ती इथल्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं! (मास्तर, कागद माझा पक्का होता, पण हद्दीचा मुद्दा मला सुचला नव्हता.) नागूबाई मात्र म्हणाल्या, "म्हंजे देव तवा तुझ्याच गावात बसून तुझं घर बघत हुता! त्याला बी ह्यात काय दिसलं न्हाय, तर आमाला काय दिसणार?" यावर बाबूराव इतके हसले की हुकूमनामा खाली पडला.

तेवढ्यात वीरप्पाची बायको नीलम्मा "ऊटा माडरी, ऊटा माडरी" असा कानडीत जेवायचा आग्रह करत भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्या घरी जेवावं का, या विचारानं माझा घास अडला. नागूबाईंचा अडला नाही. परत आल्यावर दोघींच्या जेवणाची रक्कम मी बयाण्यातून वजा केली. हिशेब चोख असलेला बरा.

तर मंडळाच्या सभेत ठरलं की दावा लावायचा नाही. लावला तर कोर्ट-फी जाईल, वकील जातील, एस.टी. जाईल आणि शेवटी वारा घ्यायला एक कागद मिळेल. वर्गणी काढून एक जुनं मशीन घेऊ.

आपली आज्ञाधारक,
जगदेवी

ता.क. मामा, खरी विनंती अशी. अप्पा फक्त तुमचं ऐकतात. एकदा येऊन त्यांना सांगा की मी बुडाले ते बयाण्यात, शिक्षणात नाही. उलट कोर्ट-फी वाचवली ती शिकल्यामुळंच.

ता.क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज वीरप्पा स्वतः आला. त्यालाही सोलापूरच्या कुणी मशिनवाल्यानं बुडवलं म्हणे, दावा लावावा का ते मला विचारायला. अप्पांनी त्याला ओसरीवर बसवलं आणि छाती पुढं काढून म्हणाले, "वकिलाकडं कशाला जातोस? आमच्या जगदेवीला इचार. धाकटी बी आता तुळजापूरला चाललीय." मी दाराआड रडले. उमीचं ठरलं! तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये.

ता.क. तिसरा. शाळेच्या वसतिगृहात राहायला उमीला पत्र्याची ट्रंक लागते. वीरप्पा म्हणाला, मी आणून देतो. मी दारातून बाहेर येईपर्यंत अप्पांनी निम्मे पैसे देऊन टाकले होते. तरी तुमची जुनी ट्रंक पहिल्या एस.टी.नं पाठवावी.