गिरजाबाईचं पोतं

सावली, १२ डिसेंबर १९८६

प्रिय हरिदास,

दोन वर्षांनी आठवण आली, तीही बियाण्यासाठी! तुझं पत्र वाचून आधी हसले, मग असा संताप आला की चुलीतच घालणार होते. नागपूरच्या वाफ्यात आपलं धान कुठे उंच, कुठे बुटकं उगवलं, समितीचे साहेब बांधावर उभे राहून हसले, काऊन झालं असं, विचारतोस. सांगते.

सहा वर्षं आपण चौघांनी हे बारीक धान घडवलं. चिमट्याने संकर मी केले, पाखरांपासून पीक इस्तारीने राखलं, तू छत्रीखालून नोंदी घेतल्यास. पण धान एकसारखं झालं ते गिरजाबाईच्या नजरेमुळे. गुडघाभर चिखलात रांगेरांगेने फिरून भेसळीची झाडं ती उपटायची. कापणीआधी राहिलेल्या वेगळ्या लोंब्या खुडायची आणि कोंबड्यांसाठी पोत्यात भरून दाराशी ठेवायची. आम्ही खळ्यावर असताना तू जीप घेऊन आलास, नोंदवही घेतलीस आणि तेच पोतं उचललंस. बियाणं म्हणून! एकदा जरी चिखलात उतरला असतास तर ओळखलं असतंस. गिरजाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, बाई, साहेबानं माह्या कोंबड्याईचा दाना नेला.

तेव्हाच कळवता आलं असतं. पण अहवालावर तुझं एकट्याचं नाव पाहिलं आणि म्हटलं, पेरू दे मेल्याला. माझं नाव जन्मभर तुझ्या नावाशेजारी राहील म्हणाला होतास ना रे? साध्या कागदावरसुद्धा ठेवलं नाहीस.

खरं बियाणं आम्ही दोन्ही हंगाम इथेच लावलं. मागच्या महिन्यात समिती आली आणि वाण मंजूर झाला. कागदावर तीन नावं आहेत. गिरजाबाईने अंगठा द्यायला साफ नकार दिला, स्वतःचं नाव लिहिलं. तोवर साहेब लोक थांबले. तुझ्याबद्दल कोणी विचारलंही नाही.

नोकरी जाईल, पसाभर तरी शुद्ध बियाणं धाड, असं लिहितोस. इस्तारी म्हणाला, देऊन टाका बाई, आपलाच मानूस हाये. म्हणून हे पत्र आणि सोबतचा डबा. धान आपलंच आहे, गिरजाबाईने दाणा न् दाणा निवडलाय, भेसळ औषधालाही सापडायची नाही. फक्त काल आम्ही दोघींनी ते भिजवलं, भाजलं आणि कांडून त्याचे पोहे केले. पेरून बघ.

तुझी मुळीच नसलेली,
कमला