पुडी आख्खी ओता

बाबा, परवा बैठक आटोपल्यावर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या टेंपोचा भोंगा थोपटला, म्हशीची पाठ थोपटावी तसा. म्हणाल्या, आता तालुक्यातल्या प्रत्येक वाडीवर हाच आवाज जाईल. तुम्ही गावचे कोतवाल, डफ वाजवून दवंडी देणारे. मी शिळफाट्याला गाळा घेतला, दोन टेंपो घेतले, त्यावर जाहिरातीचे भोंगे चढवले. काम तेच, फक्त बॅटरीवर.

झालं असं, की जुलाबाची साथ आली आणि केंद्रातून मला एक कागद मिळाला. जगातल्या सगळ्या गरीब देशांसाठी कुणीतरी लांब बसून लिहिलेला आणि मग मराठीत आणलेला. ‘अतिसार झाल्यास क्षारसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर सुरक्षित पाण्यात विरघळवावे.’ त्यात खोट काही नव्हती. मी झोकात रेकॉर्ड केलं आणि डोंगराखालच्या वाडीत वाजवत फिरलो. तिसऱ्या दिवशी वाडीच्या आशाताईंबरोबर एका घराच्या ओट्यावर चहा घेत होतो. आत दीड वर्षाची पोर किरकिरत पडलेली, डोळे खोल गेलेले. कुडाच्या भिंतीआडून चुरचुर ऐकू आली. पुडी फोडल्याची नव्हे, घडी घालून बंद केल्याची. कान तुमचेच आहेत माझे. मी ओट्यावरूनच विचारलं,

“वैनी, पुडीत आजून हाय काय?”

“हाय की. चिमूटभर टाकते कपात. अवशद हाय ते, पीठ नाय वाटीनं वतायला.”

“कवापासनं पुरवताय?”

“तीन दिस झालं. आमी उधळ्या नाय, भाऊ.”

आशाताईंनी कपाळाला हात लावला. चिमटीनं क्षार पुरत नाहीत, म्हणाल्या, लिटरला आख्खी पुडीच लागते. पुढची चार घरं पाहिली, तिथेही तेच. झाडपाल्याची पुडी चिमटीनं घ्यायची ही आपल्याकडची जुनी रीत, कागद लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? मला तुम्ही आठवलात. तुम्हाला ताप होता म्हणून मी पहिल्यांदा दवंडी दिली होती, तलाठ्याची चिठ्ठी जशीच्या तशी ओरडून आलो होतो. तुम्ही चुलीपाशी बसलेले, हातात भाकरीचा तुकडा, वर न बघता विचारता, “गाव काय म्हंतंय ते आयकलंस? नाय? मंग सांगून काय आलास रं?” तेव्हा फार राग आला होता.

धबधब्यावर येणारे पाहुणे लिटरच्या रिकाम्या बाटल्या टाकून जातात, त्या घरोघरी असतात. आशाताईंनी एक स्वच्छ धुतली, उकळून गार केलेलं पाणी भरलं, नवी पुडी फोडून आख्खी ओतली आणि चमच्या-चमच्यानं पाजायला बसल्या. मी टेंपोचं तोंड दवाखान्याकडे करून ठेवलं. दुपारपर्यंत चमचा चालूच होता. मग आतून आईचा आवाज आला, “मुतली गं बाय, माझी मांडी भिजवली!” ओला पदर पिळत ती हसत होती आणि पोर भाकरीकडे हात करत होती.

मी तिथेच, टेंपोत बसून नवं रेकॉर्ड केलं. “बायांनो, पुडी आख्खी वता, भरल्या लिटरच्या बाटलीत. उरलं तर दुसऱ्या दिवशी फेका. अंगावरचं दूध तोडू नका. पोर मलूल पडलं तर घरी थांबू नका, दवाखान्यात आणा.” डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, मजकूर वरून आलाय, बदलता येत नाही. मी म्हटलं, “मजकूर वरून आलाय बाई, पण जुलाब इथे होतायत.” हसल्या. मग स्वतः वाडीत आल्या, दोन दिवस बायकांशी बोलल्या आणि वर कळवून मोकळ्या झाल्या. त्या वाडीत आता पुडीची घडी घातल्याचा आवाज येत नाही, बाबा. मी मुद्दाम फिरून ऐकलंय.

परवाच्या त्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे शिकलात कुठे? मी म्हणालो, धंद्यातला अनुभव. समोर सगळे इस्त्रीचे कपडे, कोतवालाचा मुलगा म्हणायला जीभ वळली नाही. म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचून दाखवावं असं मनात होतं. पण शेजारच्या खोलीत तुमची सूनबाई होती. तालुकाभर ओरडणारा मी, मनातल्या मनातच वाचलं.