बाबांचा आवाज टीव्हीवर

प्रिय धाकट्या,

मी घाबरले की तुला फोनवर लगेच कळतं आणि मग तूच मला धीर देत बसतोस, म्हणून ईमेल लिहिते आहे. शुक्रवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन आहे. गाठ स्वरयंत्रावरच आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवरच बसले. आई त्यांच्यापुढे हसतमुख असते आणि न्हाणीघरात नळ सोडून रडते. नळ किती वेळ चालू असतो, ते बाबांना ऐकू येतंच.

त्या गळ्यावर अख्खा फळबाजार चालायचा. लिलाव पुकारायचे, एक वार, दोन वार, तीन वार. त्यातलं 'दोन वार' ते किती लांबवायचे, आठवतं? एकेका व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत, कुणाचा तरी हात वर येईल म्हणून थांबायचे. तीन वार झालं की संपलं, मग कुणी कितीही गयावया करो. घरात शेवटच्या बिस्किटाचाही लिलाव व्हायचा आणि तू दरवेळी दोन वारला रडकुंडीला यायचास. पुढे तू बाजारात उभं राहायचं नाही म्हणालास, तेव्हा तोच गळा सगळ्या गल्लीने ऐकला. तू गेलास तो गेलासच. मला फोन करतोस, आईला करतोस, त्यांना नाही.

काल दुपारी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, धाकट्याने बाजारात काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लाव. मी लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीला जोडली. चित्र लगेच आलं. बाबा खोक्यावर उभे, हात वर, तोंड एवढं मोठं उघडलेलं, आणि आवाज काहीच नाही. मी रिमोटने आवाज शेवटपर्यंत वाढवला, केबल काढून पुन्हा घातली, तरी ते आपले मुक्यानेच ओरडत होते. शुक्रवारनंतरचं घर आधीच समोर येऊन बसल्यासारखं वाटलं. बाबांनी नकळत गळ्यावर हात ठेवला. आईने तोंड फिरवलं. मी केबलच्या दुकानदाराला शिव्या देत राहिले, कारण गप्प बसवेना.

केबल बिचारी धडधाकट होती. लॅपटॉपने चित्र टीव्हीला दिलं होतं आणि आवाज स्वतःकडेच ठेवला होता. त्याचा स्पीकर तर मी चहा सांडल्यापासून बंदच आहे. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं, त्यावर दाबून यादीतून टीव्ही निवडायचा असतो. मी निवडला. टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवलाय हे विसरले होते. 'एक वार' असं कडाडलं की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शेजारच्या काकू, बाबा कुणावर खवळले म्हणून, पोळपाट-लाटणं टाकून धावत आल्या. आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो.

तो जाडा व्यापारी आठवतो? दोन वार चालू असताना त्याने कान खाजवायला हात वर केला आणि पेट्या त्याच्याच गळ्यात पडल्या. तिथे कॅमेऱ्यामागून तू खो खो हसतोस. बाबांनी तो तुकडा मला पुन्हा लावायला लावला, मग पुन्हा. मला वाटलं, स्वतःचा आवाज साठवून घेताहेत. पण दरवेळी तुझं हसू संपलं की ते हाताने 'बंद कर' म्हणायचे.

तुला माहीत आहेत ते, आपणहून फोन करणार नाहीत. काल संध्याकाळपासून फोन समोर घेऊन बसलेत. आज सकाळी मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. ते फोनकडे बघून पुटपुटत होते, एक वार. मग दोन वार म्हणाले आणि त्या दुखऱ्या गळ्याने जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवलं. पुढचं ऐकू येईल या भीतीने मी कप घेऊन तिथेच उभी राहिले. पण 'तीन वार' ते म्हणाले नाहीत, अजून थांबलेत. शुक्रवारच्या आत फोन कर रे. माझ्या नाही, त्यांच्या फोनवर.

वाट बघणारी, तुझीच
ताई