पंडुमाआधीचा आंबा

बाबा, मी परदेशात आंबा खाल्ला. तोही आपल्या गावचा पंडुम व्हायच्या आधी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. पंडुमाच्या पूजेत गावाने देवापुढे नवा आंबा ठेवल्याशिवाय कोणी तो तोंडाला लावायचा नाही, हे मला तुम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, चंद्रपूरच्या कचेरीत साहेबांच्या चुका काढणाऱ्या तुमच्या मुलीने तेच नेमकं विसरावं!

थायलंडला गेले होते, एकटीच. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, वेड लागलं का? मी म्हटलं, लागलं. उत्तरेकडच्या एका लहान गावात, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घरात खोली घेतली होती. निघायच्या सकाळी घरमालकीण म्हातारी ताटली घेऊन आली. चिकट भात, त्यावर नारळाचं दूध, बाजूला आंब्याच्या पिवळ्याधमक फोडी. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघते आहे, मी हसत खाते आहे, आणि तिसरी फोड गिळताना एकदम तुमचा चेहरा आठवला. मी तोंडावर हात धरला. म्हातारीला वाटलं ठसका लागला, तिने पाणी दिलं.

मी नऊ वर्षांची होते, आश्रमशाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. पंडुमाला चार दिवस होते आणि मला दम निघाला नाही. ओठाच्या कोपऱ्यावर चीक लागून भाजलेलं तुम्हाला दिसलं. तुम्ही मारलं नाही, ओरडलाही नाहीत. झाडाखाली नेलंत, माझी अर्धी खाल्लेली कैरी विळ्याने चिरलीत. विळा कोयीतून सरळ आरपार गेला. "पाह्य," तुम्ही म्हणालात, "कोय अजून कवळीच हाय. हे रुजलं असतं का?" पंडुमाच्या दिवशी मला सगळ्यांसमोर बाजूला उभं केलंत, आपल्या घरची आंब्याची टोपली देवापुढे काकांनी ठेवली. मी त्या मोसमात आंबा खायचा नाही, असं ठरलं. तुमचा तेव्हा फार राग आला होता. मग हळूहळू लक्षात आलं की तुम्हीही खात नाही आहात. आई फोड पुढे करायची, तुम्ही भाताकडे बघायचात. तो अख्खा मोसम आपण दोघं तसेच राहिलो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही.

आता तुम्ही नाही, आई नाही, काका नाहीत. आपल्या घरची टोपली ठेवायला मी एकटी उरले आहे. दरवर्षी त्या दिवसापुरती रजा काढून जाते. यंदा परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने काढलं होतं. विमानात बसल्यावर मनात घोळवलं, न सांगितलं तर कोणाला कळणार? थायलंडमधली फोड आपल्या कुरखेड्यापर्यंत थोडीच पोचते. आणि सांगितलं आणि बाजूला उभं केलं, तर रांगेत आपल्या घराची जागा रिकामी. नागपूरला उतरेपर्यंत न सांगायचं पक्कं झालं होतं. तिथून वडशाची बस, वडशाला दुसरी. त्या दुसऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईने तिखटमीठ लावलेल्या कैरीचा कागद पुढे केला.

"घे ना वो बाई, एक फोड."

"नाई. आमच्या गावचा पंडुम व्हायचा हाय."

"अस्सं! मंग नको खाऊ," म्हणून तिने कागद पदराखाली घेतला. पुढचा सगळा रस्ता माझ्यासमोर तिने एकही फोड तोंडात टाकली नाही. मला इतकी लाज वाटली की खिडकीबाहेर बघत बसले. कुरखेड्याला उतरले तेव्हा सांगायचं ठरलं होतं.

पूजा करणारा गायता आता तुमच्या दोस्ताचा मुलगा आहे, माझ्याहून लहान. झाडाखाली सगळ्या टोपल्या मांडल्या होत्या. मी माझी हातातच धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याने डोकं खाजवलं. "तिथच्या लोकायनं त्यायचा पंडुम केला होता का?"

"मी इचारलंच नाई."

"इचाराले पायजे होतं ना! बरं, घरमालकिणीनं सोताच्या हातानं देल्ला?"

"हो."

"मंग तिच्या झाडाचं ती पाहून घेईन. आपल्या झाडाचा त नाई ना खाल्ला? मंग ठेव टोपली. ऊन चढून राह्यलं."

एवढंच. मी टोपली ठेवली, आपल्या जागी. पूजा झाल्यावर वाटलेली फोड खाताना डोळे भरून आले. तेवढ्यात पलीकडच्या म्हातारीने विचारलं, "कसा लागला वो तिथचा आंबा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आपल्यासारखा नाई." सगळं गाव खूश झालं.

बाबा, तो आपल्यापेक्षा गोड होता. कितीतरी गोड, आणि एकही रेषा दातात अडकली नाही. हे गावात बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. पण तुम्ही आज समोर असता आणि विचारलं असतंत, तर तुम्हालाही मी हेच म्हटलं असतं, आपल्यासारखा नाही.