टेंपरन्सला बाजूला बोलावून विचारलं तेव्हा

डेटन, ओहायो
३ मार्च १९५७

चि. कोरिन हिस,
ऑर्फाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसते आणि नुसती बसूनच राहते. तशी मी ठीक आहे. सकाळी उठते, ड्युईचा डबा भरते, तो कारखान्यात गेला की भांडी घासते. काल त्याचा एकच शर्ट दोनदा इस्त्री केला. शेजारीण पीचचा केक घेऊन आली होती. बराच वेळ बसली, पण काय बोललो ते आठवत नाही. नेलला जाऊन आता सात महिने होतील. पोटची पोर गेली आणि मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, ऑर्फा फार धीराची. कसला धीर गं! आत काही हलतच नाही.

लिहायचं कारण असं की बाबांनी माझ्या नावावर केलेली तिकडची नदीकाठची जमीन विकून टाकू, असं ड्युई म्हणतोय. कागद गिरणीवाल्यांना तिथे पाइनची झाडं लावायची आहेत. आपलं कुंपणातलं दफनाचं आवारही त्यातच जातं. थडगी ते दुसरीकडे नीट हलवून देतील म्हणे. म्हणजे नेलचंही. सही माझी लागते. ईस्टर झाला की वकिलाकडे जायचं आहे. मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

नेलच्या दगडावर काय कोरायचं म्हणून तू परत विचारलंस. मला काही सुचत नाही. आता ती तिथून हलणारच, तर दगडवाल्याला थांबायला सांग.

तब्येतीला जप.
तुझी,
ऑर्फाताई


कोर्टहाऊस रोड, व्हर्जिनिया
९ मार्च १९५७

ती. ऑर्फाताईस,
कोरिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि समोरची कॉफी तशीच गार झाली. दोनदा उत्तर लिहून फाडलं. दोन्हींत भावोजींना नको नको ते लिहिलं होतं. शेवटी जमीन तुझी, मी कोण बोलणार? पण ताई, आपली नेल दर उन्हाळ्यात तिथे ब्लॅकबेरी खाऊन तोंड जांभळं करून यायची. तिला पेटीसकट उचलून गाडीत घालणार? हे एवढं लिहिते आणि गप्प बसते.

आता माझ्या म्हाताऱ्यांची बातमी. हस, खुशाल हस. आपला मूळपुरुष जोशुआ पेल्हम अखेर सापडला. कोर्टाच्या तळघरात जुनी दप्तरं चाळत रोज बसते. तिथले मिस्टर टिस्डेल मला बघितलं की खुर्ची पुसून ठेवतात आणि विचारतात, आज कोणाला उठवायचं? जोशुआचं मृत्युपत्र मिळालं. थोरल्याला ओढ्याकडची जमीन, मधल्याला गुरं, धाकट्याला बंदूक. बायको टेंपरन्सला बिछाना, लोखंडी भांडं आणि तिच्या पसंतीची एक गाय. म्हणजे तीनशे एकराचा धनी बायकोला भांडं देऊन मोकळा!

पण खाली एक ओळ आहे. नदीकाठच्या ज्या जागेत माझ्या मुली ॲलिस आणि जुडिथ निजल्या आहेत, ती जागा बायको आहे तोवर कोणी विकायची नाही. ताई, मुली! बाबा जन्मभर तीन मुलगेच सांगत आले. या दोघींचं नाव घेतलेलं तू तरी कधी ऐकलंस का? आणि जागा तीच आहे, आपलं आवार. पांढऱ्या ओकपासून पाण्यापर्यंत हद्द लिहिली आहे, मी स्वतः चालून पाहिली.

एवढा चिक्कू माणूस ही ओळ का लिहून गेला, ते शोधल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

वेळेवर जेवत जा. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
कोरिन


डेटन
१ एप्रिल १९५७

चि. कोरिन हिस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. त्या दोघी मुलींचं वाचलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, खरं तेच लिहिते. ड्युईला वाचून दाखवलं. जिवंत माणसांनी कंटाळून सोडलं म्हणून कोरिन मेलेल्यांशी गप्पा मारते, असं तो म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

वकिलाकडे २४ तारखेला जायचं ठरलं. मी आपली जाईन आणि सही करून येईन. इथे अजून गारठा आहे.

तुझी,
ऑर्फाताई


कोर्टहाऊस रोड
१५ एप्रिल १९५७

ती. ऑर्फाताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, मेलेले निदान मध्ये तोंड घालत नाहीत.

त्या ओळीचं कारण सापडलं. तुला ठाऊक आहे का, त्या काळी नवऱ्याने जमीन विकायला काढली की कोर्ट त्याला बाहेर काढायचं आणि बायकोला एकटीला विचारायचं, बाई, तू खुशीने देतेस, की याच्या धाकाने, की याच्या भुणभुणीने? ती हो म्हणाली तरच व्यवहार पक्का. टेंपरन्सला आधी दोनदा असं विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ती हो म्हणाली. मग जोशुआने मुली पुरलेला तोच नदीकाठचा तुकडा शेजारच्या हचिन्सला चार हजार पौंड तंबाखूला द्यायचं ठरवलं; तेव्हा पैशाऐवजी तंबाखूच चालायची. खरेदीखत लिहून झालं, त्याची सही झाली. तिला बाजूला नेऊन विचारलं. खाली कारकुनाने एवढंच लिहिलंय की बाईची संमती नाही. आणि सगळ्या खतावर उभी रेघ.

लिहिता न येणारी बाई गं ती, ताई, सहीच्या जागी फुली काढणारी. नवऱ्यासमोर बोललीही नसेल कधी. पण विचारलं, म्हणून तिने सांगितलं. म्हाताराही पुढे ताळ्यावर आला, म्हणून तर मृत्युपत्रात ती ओळ.

तुला कोणी विचारलं का? मीही नाही विचारलं. मी नुसती फणफणले.

तेव्हा हे पत्र घे, स्वयंपाकघरामागच्या कोठीत जा आणि दार लाव. भावोजी नाहीत, मीही नाही. समज, मी तो कारकून. ऑर्फा, ही जमीन तू तुझ्या खुशीने विकतेस का? हो असेल तर हो लिही. मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही, आणि नेलला हलवतील तेव्हा तिच्याजवळ मी उभी राहीन. ती जागाच तुला डोळ्यांसमोर नको असेल, तर तेही मला पटेल.

उत्तर काहीही आलं तरी मी तुझीच.
कोरिन


डेटन
२५ एप्रिल १९५७

चि. कोरिन हिस,
अनेक आशीर्वाद.

काल वकिलाकडे गेलो नाही.

तू सांगितलंस तशी कोठीत गेले. बटाट्याच्या पोत्यावर बसले आणि प्रश्न मोठ्याने वाचला. नाही, असं म्हणाले. माझाच आवाज, पण किती दिवसांनी ऐकला. मग बसल्या बसल्या पुन्हा म्हणाले. रडू आलं असं तुला लिहावंसं वाटतं, पण आलं नाही.

संध्याकाळी ड्युई मागच्या पायरीवर बूट काढत होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि त्यालाही तसंच विचारलं, ड्युई, तू ही जमीन खुशीने विकतोयस का? तो बुटाची नाडीच सोडत राहिला. मग म्हणाला, छे गं, माझी पोर आहे तिथे. मी रोज एकाच खिडकीशी उभी राहते, खात नाही, बोलत नाही, ते त्याला बघवत नव्हतं. ती जागाच नसली तर ही परत माणसांत येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी बरं म्हटलं तेव्हा त्याला वाटलं, मलाच ते हवंय. माझ्यासाठी तो विकत होता आणि त्याच्यासाठी मी सही करणार होते. दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही गं. मग तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मी त्याचा दुसरा बूट काढला.

दगडवाल्याला आता कळव. वर मोठ्या अक्षरांत नेल. खाली, ड्युई आणि ऑर्फाची मुलगी. जन्म-मृत्यूची सालं तुला ठाऊक आहेत, मला लिहायला लावू नकोस. आणि शेजारी एक लहान दगड बसव, त्यावर ॲलिस आणि जुडिथ, टेंपरन्सच्या मुली. जोशुआचं नाव घालायचं की नाही, ते तू आणि मिस्टर टिस्डेल ठरवा.

ब्लॅकबेरी पिकल्या की आम्ही दोघं येतो. खालची खोली झाडून ठेव.

तुझी,
ऑर्फाताई