ढग बंद ठेवा

३ तारीख, सोमवार

म्हातारचळ! दुसरा शब्द नाही. आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा — सुरू होईपर्यंत चहा पिऊन कपबशा विसळून होतात — आणि ह्यांना त्यावर विमान उडवायचंय! अगदी खऱ्यासारखं, म्हणे. जन्मभर पाणीखात्यात नळजोडण्या तपासल्या. स्कूटर सोडून काही चालवलं नाही, तीही भिंतीला घासून.

५

दुकानदाराने मशीन उघडून पाहिलं आणि हसला. "काका, हा खेळ नव्या मशीनलाही घाम फोडतो." शहाणा माणूस. ह्यांनी तरी रॅम वाढवून घेतलीच.

८

विमान उडालं. म्हणजे दोन सेकंद चित्र, मग ठप्प. पंखा मात्र असा घरघरतोय, जणू गिरणीच बसवलीय घरात!

लेकीचा फोन. बाळंतपणाला महिना राहिला. "आई, तिकिटं एक काढू की दोन? पुढच्या रविवारपर्यंत सांग." म्हटलं, माझे गुडघे साथ देत नाहीत गं, बाबांना पाठवते. आता बाबा तिथे जाऊन काय दिवे लावणार, देव जाणे.

१०

दुकानदार येऊन खेळातलं सगळं कमी करून गेला. झाडं बंद, घरं बंद. "आणि काका, ढग बंद ठेवा. पळेल." पळालंही! पण कॅप्टनसाहेबांना ढग हवेतच. ढग लावले की मशीन आडवं. दिवसभर घोडं तिथेच पेंड खातंय.

१३

शेवटी चिडून विचारलं — कशाला हवेत ते मेले ढग?

"तू ढगातच घाबरली होतीस ना," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

इथे कोण वाचतंय, लिहून टाकते. गुडघे ठणठणीत आहेत. तीन वर्षांपूर्वी लेकीकडून येताना विमान ढगात शिरून हादरलं आणि मी किंचाळले. सगळे वळून बघत होते. गेल्या वर्षी तर विमानाच्या दारातून परत फिरले. गुडघ्यांचं निमित्त लेकीला पहिल्यांदा सांगितलं ते ह्यांनीच.

तरी राग आला. माझ्यासाठी खेळणं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१६, रविवार

शेजारी खुर्ची टाकून बसले. नुसतं बघायला! ढगात शिरलो आणि — ठप्प. पडदा पांढराफटक. पंख्याने टेबल थरथरतंय. मी ह्यांची बाही धरली. हे घाबरेघुबरे होऊन बटणं बडवतायत, "थांब, थांब, बाहेर काढतो!"

म्हटलं, "राहू द्या."

वीस मिनिटं ढगातच बसलो. हे सारखं "सॉरी" म्हणत होते. वेडे! त्या ठोकळ्याच्याने काही होत नाही, पहिल्या दिवसापासून सांगतेय मी.

१६, संध्याकाळ

लेकीला कळवलं — दोन. खिडकी मला.